शाळेत चायनीज शिकणाऱ्या मुलांचं नेमकं चुकतं कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी घरांतल्या, शाळेत मँडरिन घेतलेल्या मुलांना मी ऑनलाइन शिकवते. वय साधारण बारा ते अठरा, कुणी न्यू जर्सीत, कुणी लंडनच्या आसपास, काही सिंगापूर-दुबईत, थोडे पुण्या-मुंबईच्या इंटरनॅशनल शाळांमधले. आई-बाबा तेच ते प्रश्न विचारतात आणि पोरं त्याच त्या चुका करतात, म्हणून एकदाच बसून सगळं लिहून टाकलंय. चिनी शब्द देवनागरीत जमतील तसे लिहिलेत, शंभर टक्के बरोबर उच्चार तसा कुठल्याच दुसऱ्या लिपीत बसत नाही. टोन म्हणजे शब्द म्हणताना आवाजाची चढ-उतार, त्यावर अर्थ ठरतो. तो आकड्यांनी सांगितलाय: पहिला सपाट, दुसरा चढता, तिसरा खाली जाऊन वर येणारा, चौथा उतरता.

सगळ्यात मोठी चूक कुठली? एकच सांगा.

चायनीज इंग्रजीतून शिकणं. शिक्षक इंग्रजीत समजावतात, पुस्तकातल्या टिपा इंग्रजीत, पिनयिनची (चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहायची पद्धत) अक्षरं इंग्रजीसारखी दिसतात, मग पोरगं उच्चार इंग्रजीचा करतं, वाक्य इंग्रजीच्या साच्यात पाडतं आणि नंतर म्हणतं की भाषाच अवघड आहे. अवघड आहेच, नाही कोण म्हणतंय. पण निम्म्या चुका अशा आहेत की घरात मराठी बोलणाऱ्या मुलाने त्या करायचं खरं तर कारणच नाही, कारण त्याच्या तोंडात ते आवाज आहेत आणि डोक्यात ती वाक्यरचना आहे, फक्त कुणी त्याला तिकडे बघ म्हणून सांगितलेलं नसतं. खाली बऱ्याच ठिकाणी हेच परत परत येईल, कंटाळू नका.

पिनयिन वाचता येतंय की, मग उच्चार का चुकतो?

कारण पिनयिन म्हणजे इंग्रजी स्पेलिंग नाही. चोउ योउक्वाङ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत तयार केली, 1958 साली चीनमध्ये ती अधिकृत झाली, आणि ती मुळात चिनी लोकांसाठी होती. शाळेतल्या मुलांना प्रमाण उच्चार शिकवायचा, साक्षरता वाढवायची हा हेतू. (चोउ स्वतः 111 वर्षं जगले, 2017 मध्ये गेले.) त्यामुळे रोमन अक्षरं त्यांनी आपल्या सोयीने वापरली, इंग्रजी पोरांना काय वाटेल याचा विचार करायचं त्यांना काही कारण नव्हतं.

आता नीट बघा. पिनयिनमध्ये 'बी' आणि 'पी' अशी जोडी आहे, ती ब आणि प नाहीये. ती प आणि फ आहे. 'डी' म्हणजे त, 'टी' म्हणजे थ. 'जी' म्हणजे क, 'के' म्हणजे ख. चायनीजमध्ये फरक श्वासाचा आहे, अल्पप्राण आणि महाप्राण, जो आपण बालवाडीत क-ख, त-थ म्हणत शिकलो. इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना हे समजावायला शिक्षक तोंडासमोर टिश्यूपेपर धरून दाखवतात की हा बघा हलला. आपल्या पोराला फक्त 'ख म्हण' म्हटलं की झालं. एक खबरदारी घ्या, हल्ली शहरातली मुलं 'फळ' म्हणताना खालचा ओठ दाताला लावतात तसा फ नको, दोन्ही ओठ मिटून सोडलेला जुना फ हवा, नाहीतर पिनयिनमधल्या 'एफ'शी गोंधळ होतो.

पुढची मजा म्हणजे च. आपल्याकडे दोन च आहेत, चहातला आणि चाकातला. पिनयिनचं 'जे' म्हणजे चहातला च, 'क्यू' म्हणजे त्याचाच छ. 'झेड' म्हणजे चाकातला च, आणि 'सी' म्हणजे तोच चाकातला च, पण श्वास सोडून. 'झेड-एच'साठी जीभ ट म्हणायला वळवतो तशी वर वळवायची आणि तिथून च म्हणायचा, 'सी-एच' त्याचाच महाप्राण. 'एक्स' म्हणजे शहामृगातला श आणि 'एस-एच' म्हणजे पोटफोड्या ष, अगदी जीभ वळवून, शाळेत बाई म्हणायला लावायच्या तसा. एवढा ऐवज घरात असून नववीतला मुलगा 'एक्स' दिसला की 'झ' म्हणतो आणि 'सी' दिसला की 'क', तेव्हा खरंच कपाळावर हात मारावासा वाटतो.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये चीनला गेले, तिथे चायनीज शिकले आणि 1942 मध्ये तिथेच वारले. त्यांचं चिनी नाव आपल्याकडे 'के दिहुआ' असं छापतात. हे पिनयिन इंग्रजीसारखं वाचल्यामुळे झालेलं आहे. खरा उच्चार 'ख ती-ह्वा'च्या जवळ जातो. आपलाच माणूस आणि नाव मात्र आपण इंग्रजीतून वाचतो.

मग उच्चार देवनागरीत लिहून घेतले तर चालतील का?

पहिले दोन-तीन महिने बिनधास्त. माझ्या मते इंग्रजीत 'नी हाऊ' लिहिण्यापेक्षा हजारपट बरं. पण देवनागरीलाही मर्यादा आहेत. एक, अनुस्वार वापरू नका, कारण चायनीजमध्ये शेवटचा न आणि शेवटचा ङ वेगळे आहेत, 'फान' म्हणजे जेवण आणि 'फाङ' म्हणजे ठेवणं (इथला फ 'एफ'चा, दाताला ओठ लावून), दोन्ही 'फां' लिहिलं की मेलात. वाङ्मय म्हणताना जो ङ येतो तो इथे रोज लागतो. दोन, उकारावर दोन टिंबं असलेला जो स्वर आहे तो मराठीत नाही, तोंडात ई म्हणायचं आणि ओठ ऊसारखे करायचे. आणि गंमत म्हणजे 'जे', 'क्यू', 'एक्स', 'वाय' यांच्यानंतर ती टिंबं लिहीतच नाहीत, पण उच्चार टिंबवालाच करायचा, हे नव्वद टक्के मुलांना माहीत नसतं असं माझा अनुभव सांगतो. तीन, टोनची खूण देवनागरीवरही करायचीच.

टोन इतके महत्त्वाचे आहेत का? बाकी वाक्यावरून कळतं ना?

कधी कधी कळतं. पण ही 'कळतं ना'वाली सवय एकदा लागली की सुटत नाही. माइ तिसऱ्या टोनमध्ये विकत घेणं, चौथ्यामध्ये विकणं. आता दुकानाच्या संवादात तुम्ही काय कराल? श्वेइच्याओ दोन्ही तिसरे टोन असतील तर उकडलेले डंपलिंग, दोन्ही चौथे असतील तर झोपणं. वन चौथ्यात विचारणं, तिसऱ्यात चुंबन, आणि 'सर, एक विचारू का' हे वाक्य वर्गात रोज लागतं, तेव्हा बघा बाबा.

टोनच्या बाबतीत टीनएजर्सची खरी चूक अशी असते की ते शब्द आधी पाठ करतात आणि टोन नंतर चिकटवू म्हणतात. नंतर कधी येतच नाही. 'थाङ' हा शब्दच नाही, पहिल्या टोनमधला थाङ म्हणजे सूप आणि दुसऱ्यातला साखर, हे दोन वेगळे शब्द आहेत. कुणी 'दिन' आणि 'दीन' एकच समजून पाठ करेल का?

दुसरी चूक, आणि ही आपली मराठी चूक आहे, प्रश्न विचारताना शेवट वर नेणं. 'येतोस का?' म्हणताना आपला सूर चढतो. चायनीजमध्ये तोच सूर चढवला की शेवटच्या शब्दाचा चौथा टोन दुसऱ्यासारखा ऐकू येतो आणि समोरचा गोंधळतो. प्रश्न आहे हे सांगायला 'मा' आहे ना शेवटी, मग सुराने परत सांगायची गरज नाही.

आणि तिसरी: लाजणं. चौदा वर्षांच्या मुलाला वर्गात चारचौघांत आवाज वर-खाली करायला ऑकवर्ड वाटतं, मग तो सगळं सपाट, तोंडातल्या तोंडात पुटपुटतो. याला ग्रामरचं औषध नाही. घरी मोठ्याने वाचायला लावा, खोलीचं दार बंद करून का होईना.

पुस्तकात एक टोन आणि ऑडिओत दुसराच, असं का?

पुस्तक चुकलेलं नाहीये. दोन तिसरे टोन लागोपाठ आले की पहिला दुसऱ्यासारखा म्हणतात, नी हाओ हे त्याचंच उदाहरण, लिहिताना दोन्ही तिसरे आणि बोलताना नी दुसरा. नकाराचा 'पू' चौथ्या टोनचा, पण पुढे चौथा आला की तो दुसरा होतो. 'यी' म्हणजे एक, तो तर पुढच्या शब्दाप्रमाणे बदलतच असतो. आणि तिसरा टोन तक्त्यात खाली जाऊन वर येताना दाखवतात, पण सलग बोलताना तो बहुतेक वेळा नुसता खालीच राहतो. मुलं दरवेळी झोका घेतल्यासारखा पूर्ण खाली-वर करतात, त्यामुळे वाक्य रखडतं. नियम पाठ करण्यापेक्षा ऐकून म्हणा, लवकर बसतं.

वाक्यरचना सोपी आहे म्हणतात, मग निबंधात लाल शाई का?

सोपी आहे यासाठी म्हणतात की क्रियापद चालवायला लागत नाही, लिंग नाही, विभक्ती नाही. पण शब्दांची जागा पक्की आहे आणि तिथेच इंग्रजी आडवी येते.

'मी घरी जेवतो' हे वाक्य घ्या. मुलं लिहितात 'वो छ्रफान त्साइ च्या', म्हणजे मी जेवतो घरी. चूक. बरोबर आहे 'वो त्साइ च्या छ्रफान', मी घरी जेवतो. मराठीच आहे की ही! कोण, कधी, कुठे, आणि मग काय केलं. 'मी काल शाळेत त्याला भेटलो' यात काल आणि शाळेत क्रियापदाच्या आधी येतात, चायनीजमध्येही तसंच. फरक एवढाच की कर्म क्रियापदाच्या मागे जातं, 'मी भात खातो' न म्हणता 'मी खातो भात'. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगते, वाक्य आधी मनात मराठीत म्हण, मग कर्म उचलून शेवटी ठेव. दहातली सात वाक्यं अशीच सुटतात.

यापेक्षा भारी उदाहरण म्हणजे 'मी काल विकत घेतलेलं पुस्तक'. इंग्रजीत आधी पुस्तक येतं आणि मग त्याचं शेपूट. मराठीत सगळं वर्णन आधी आणि पुस्तक शेवटी. चायनीजमध्ये 'वो त्स्वोथ्येन माइ त षू', मी-काल-घेतले-लं-पुस्तक, एकाला एक. तो मधला 'त' आपल्या 'लेलं'चं काम करतो. हे एक वाक्य फळ्यावर दोन ओळींत, वर मराठी आणि खाली चायनीज, असं लिहून दाखवलं की मुलांचा चेहरा बघण्यासारखा होतो, कारण वर्षभर इंग्रजीतून ते हे उलटं करून सुलटं करत बसलेले असतात.

आणखी काही पटापट सांगते. 'मला पोहता येतं' आणि 'मी आज पोहू शकतो' यात आपण फरक करतो, चायनीजही करते, शिकलेली गोष्ट 'ह्वेइ' आणि जमण्यासारखी परिस्थिती असेल तर 'नङ'. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, म्हणून मुलं एकच वापरतात. तसंच 'माहीत आहे' आणि 'ओळखतो', च्रताओ आणि रनष्र, आपल्याला वेगळे सांगायला लागूच नयेत. टेबलावर म्हणताना आधी टेबल आणि मग वर. शिक्षकांना हाक मारताना आधी आडनाव मग पद, वाङ लाओष्र, जसं आपण जोशी सर म्हणतो. कुणी सर जोशी म्हणतं का? पण मुलं लाओष्र वाङ म्हणतात.

कुटुंबावर लिहायला सांगितलं की मुलं का अडकतात?

कारण ती अंकल-आंटीत विचार करतात. चायनीजमध्ये आपल्यासारखंच आहे, मोठी बहीण वेगळी आणि धाकटी वेगळी, ताई म्हणजे च्येच्ये, दादा म्हणजे क-क. आत्याला कूकू, मामाला च्यौच्यौ. वडिलांचा मोठा भाऊ आणि धाकटा भाऊ यांनाही वेगळे शब्द आहेत, आणि आईकडचे आजी-आजोबा वेगळे, वडिलांकडचे वेगळे. मुलांना म्हणा, आजोळची नावं आधी मराठीत लिहून काढ आणि एकेकासमोर चिनी शब्द टाक. शब्दसंपत्तीचा अख्खा धडा एका बैठकीत होतो.

म्हणजे मराठीचा सगळीकडे फायदाच?

नाही हो. काही ठिकाणी मराठी बरोब्बर खड्ड्यात घालते.

'आहे' हा त्यातला मुख्य आरोपी. 'तो डॉक्टर आहे', 'तो घरी आहे', 'माझ्याकडे पेन आहे', 'तो उंच आहे', आपल्याला चारही ठिकाणी एकच आहे चालतं. चायनीजमध्ये पहिल्याला ष्र, दुसऱ्याला त्साइ, तिसऱ्याला योउ, आणि चौथ्याला यातलं काहीच नाही, तिथे 'था हन काओ', मध्ये 'हन'. उंच आहे म्हणायला ष्र लावणं ही तर पहिल्या वर्षाची हमखास चूक. 'हन'चा अर्थ पुस्तकात 'खूप' दिलेला असतो म्हणून मुलं तो काढून टाकतात, मी काही खूप उंच नाही म्हणे. पण साध्या वाक्यात तो निव्वळ जागा भरायला असतो, ठेवा त्याला.

नकारात पण तेच. सगळीकडे 'पू' लावतात, पण योउला कधीच पू लागत नाही, मेइ लागतो. पू योउ असं काही नसतं.

आणि 'आणि'. मराठीत आणि कुठेही टाकता येतं, मी जेवलो आणि झोपलो. चायनीजमधला 'ह' साधारणपणे नामांना जोडतो, आई ह बाबा, चहा ह कॉफी. दोन वाक्यं ह-ने जोडायची नाहीत. नुसतं लागोपाठ लिहा किंवा 'मग' वापरा.

'ल' लावला की भूतकाळ ना?

नाही! हे कुणी सांगितलं असेल तर विसरा. ल हा क्रिया झाली, पुरी पडली किंवा काहीतरी बदललं हे सांगतो. 'काल मी बिझी होतो' याला ल लागत नाही, काल हा शब्द आहे तेवढा पुरे. 'मला रोज शाळेत चालत जायला लागायचं' यालाही नाही. उलट 'पाऊस आला की' म्हणताना, आत्ताच्या आत्ता, ल लागतो, आणि 'उद्या जेवून झाल्यावर निघू' यातल्या जेवून झाल्यावर पण ल येतो, भविष्यकाळ असून. गेला-आला यातला आपला ल आणि हा ल ऐकायला सारखे असल्यामुळे मराठी मुलं तर जास्तच जोरात चिकटवतात. आणि मेइ आला की ल काढायचा, 'गेलो नाही' म्हणताना दोन्ही एकत्र लिहिणाऱ्यांची संख्या बघून मी हल्ली तपासताना आधी तेच शोधते.

प्रत्येक वस्तूला वेगळा मोजणीशब्द कशाला? सगळीकडे 'क' हा एकच सर्वसाधारण शब्द चालत नाही का?

समजतं, चालत नाही. म्हणजे दुकानदार हसणार नाही, पण पेपर तपासणारा मार्क कापेल. पुस्तकाला पन, कागद-तिकीट-टेबल-पलंग अशा सपाट गोष्टींना चाङ, मासा-नदी-रस्ता-पँट अशा लांबुळक्यांना थ्याओ. शब्द शिकताना त्याचा मोजणीशब्द सोबतच लिहायचा, नंतर वेगळी यादी पाठ करायला घेतली की घोळ होतो. आपल्याकडेही दोन जण, एक जुडी मेथी, चार नग असं थोडंफार आहेच, तिथे फक्त ते सक्तीचं आहे.

याच्याच शेजारची चूक म्हणजे दोन. मोजताना अर, पण दोन माणसं, दोन पुस्तकं म्हणताना ल्याङ.

मोठे आकडे ऐकले की मुलगी गारच पडते.

इंग्रजी हजार-मिलियनमधून जाते म्हणून. चायनीजमध्ये दहा हजाराला स्वतंत्र शब्द आहे, वान, आणि पुढचं सगळं वानमध्ये मोजायचं. आपल्याला लाख-कोटी येतात त्यामुळे सोपं पडतं. एक लाख म्हणजे 10 वान, 25 लाख म्हणजे 250 वान, एक कोटी म्हणजे 1000 वान. दहा कोटींना यी म्हणतात (हा चौथ्या टोनचा, 'एक'वाला यी वेगळा), म्हणजे भारताची 140 कोटी लोकसंख्या सरळ 14 यी. लाखात म्हणा, दहाने गुणा, संपलं. आणि छोटे आकडे तर आपल्यापेक्षा कितीतरी सोपे, तेवीस म्हणजे दोन-दहा-तीन, एकोणसाठ-एकोणसत्तर भानगडच नाही.

अक्षरं लक्षातच राहत नाहीत. प्रत्येक शंभर वेळा लिहायला लावू का?

शंभर वेळा लिहून हात दुखतो. साठाव्यांदा लिहिताना मुलाचं डोकं कुठे असतं ते तुम्हालाही माहितीये. चूक अशी की मुलं अक्षराकडे चित्र म्हणून बघतात, अख्खंच्या अख्खं लक्षात ठेवायला जातात. बहुतेक अक्षरं दोन भागांची असतात, एक भाग अर्थाची दिशा दाखवतो, दुसरा उच्चाराची. 'छिङ' नावाचं एक अक्षर आहे, निळा-हिरवा रंग. त्याला पाण्याची खूण जोडली की स्वच्छ-नितळ, सूर्य जोडला की निरभ्र हवा, हृदय जोडलं की भावना, वाणीची खूण जोडली की 'कृपया'. सगळ्यांचा उच्चार छिङच, काहींचा टोन तेवढा वेगळा. डोळा जोडला तर चिङ होतं, डोळ्यांच्या शब्दात येतं. हे पाच एकत्र शिकायला वीस मिनिटं लागतात.

रेघांचा क्रम, ज्याला मुलं फालतू समजतात, तो पण पाळाच. तोंड या अर्थाचा चौकोन तीन रेघांत काढतात, डावी उभी, मग वरची आणि उजवी एका फटक्यात, मग खालची. मुलं एका दमात गोल फिरवून डबा काढतात. देश या अक्षरात बाहेरच्या चौकटीचं झाकण सगळ्यात शेवटी लावायचं, आतलं भरून झाल्यावर. क्रम चुकला तरी दिसायला तेच दिसतं, मग काय बिघडलं? बिघडतं हे, की दरवेळी वेगळ्या क्रमाने काढलं तर हाताला सवयच लागत नाही आणि दरवेळी नव्याने आठवावं लागतं.

सारखी दिसणारी अक्षरं मात्र मुद्दाम शेजारी ठेवून बघा. 'मी' आणि 'शोधणं' दोन्ही सात रेघांची, पण 'मी'मध्ये आडवी रेघ सलग जाते आणि 'शोधणं'मध्ये डावीकडे हाताची खूण सुटी आहे. विकत घेण्यावर छोटी टोपी चढवली की विकणं. मोठा या अक्षराला खाली टिंब दिलं तर 'अति', वर उजवीकडे दिलं तर कुत्रा. शिक्षकांना 'तुम्ही फार चांगले' लिहिताना टिंब वर गेलं तर काय होईल बघा.

माझा मुलगा धडा घडाघडा वाचतो, पण परीक्षेत वाचनाचे मार्क जातात.

त्याच्या पुस्तकात अक्षरांवर पेन्सिलीने पिनयिन लिहिलंय का बघा. दहातल्या नऊ वेळा असतं. मी कॅमेऱ्यासमोर पुस्तक धरायला लावते आणि ती पेन्सिलची ओळ पट्टीने झाकायला सांगते. एका मुलाने मागच्या ओळीपर्यंत फाडफाड वाचलं आणि पट्टी ठेवल्यावर 'मी' आणि 'शाळा' सोडून काही ओळखता आलं नाही, धडा पाठ होता आणि अक्षरं अनोळखी. डोळा सोपं तेच वाचतो, शेजारी रोमन अक्षर असलं की चिनी अक्षराकडे जातच नाही. लिहायचंच असेल तर पानाच्या मागच्या बाजूला किंवा वहीत वेगळं लिहा, आणि फक्त नवीन शब्दाचं.

हाताने लिहिणं आता लागतं का? सगळं टाइपच करतात.

परीक्षा कुठली त्यावर. अमेरिकेत एपी चायनीज (हायस्कूलमध्ये द्यायची कॉलेजच्या पातळीची परीक्षा) 2007 पासून आहे आणि ती कॉम्प्युटरवर होते, पिनयिन टाइप करून अक्षर निवडायचं. इंग्लंडमध्ये जीसीएसईच्या (साधारण सोळाव्या वर्षी द्यायची शालेय परीक्षा) लेखनाच्या पेपरात हाताने लिहावं लागतं. शाळेतल्या टेस्ट बऱ्याच ठिकाणी हातानेच. टाइप करणाऱ्यांची ठरलेली चूक म्हणजे यादीतलं पहिलं अक्षर डोळे मिटून निवडणं, तो-ती-ते तिघांचा उच्चार 'था'च, लिहायची अक्षरं वेगळी, म्हणून निबंधभर आजी 'तो' झालेली असते. दोन टिंबवाला उकार टाइप करायला 'व्ही' दाबायचा, हे पण सांगून ठेवते, कारण बायकांशी संबंधित बरेच शब्द तिथेच अडतात.

सोपी केलेली (सिम्प्लिफाइड) लिपी की पारंपरिक?

शाळा शिकवेल ती. चीन आणि सिंगापूरमध्ये सोपी केलेली, तैवान-हाँगकाँगमध्ये पारंपरिक. घोडा सोप्या लिपीत तीन रेघांचा, पारंपरिकमध्ये दहा. दोन्हींची खिचडी करून लिहू नका एवढंच.

होमवर्क ट्रान्सलेशन अ‍ॅपवरून केलं तर कळतं का?

पहिल्या ओळीत कळतं. 'माझा आवडता छंद' या निबंधात दुसऱ्या वर्षाचं पोरगं चार अक्षरी जुनी म्हण टाकतं आणि तिचा उच्चार विचारला की खाली बघतं. डिक्शनरी वापरा की, प्लेको नावाचं अ‍ॅप आहे, उदाहरणाची वाक्यं बघा. पण अख्खा परिच्छेद इंग्रजीतून टाकून उलटा घेतला तर त्यातून एक शब्दही डोक्यात राहत नाही. माझा नियम असा आहे की जेवढं म्हणता येतं तेवढंच लिही. साधी आठ वाक्यं चालतील.

वर्गात चिनी घरांतली मुलं आहेत, त्यांच्यापुढे हिची डाळ शिजत नाही.

एपीच्या परीक्षेला तर घरी चायनीज बोलणारी मुलं भरपूर बसतात, त्यांच्याशी तुलना करूच नका. त्यातली काही घरी कँटनीज (हाँगकाँगकडची चिनी भाषा) बोलतात, त्यांनाही मँडरिनचे टोन नव्याने शिकावे लागतात, ते वेगळंच. आणि ऐकून बोलणाऱ्यांचं लिहिणं कच्चं असू शकतं. जोडी लावायची असेल तर यांच्याशीच लावा, एक बोलायला शिकेल, दुसरा लिहायला. आयबीमध्ये (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट हा अभ्यासक्रम) असाल तर लेव्हल निवडताना मात्र नीट विचार करा. नवशिक्यांसाठी आब इनिशिओ हा वेगळा कोर्स असतो, आणि इभ्रतीपायी वरचा घेऊन दोन वर्षं रडणारी मुलं मी पाहिलीत.

भारतात शाळेत चायनीज घेता येतं का? सिंगापूरचं काय?

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात परदेशी भाषांची उदाहरणं दिलीत, कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच वगैरे, त्यात चायनीज नाही. 2019 च्या मसुद्यात होतं. आयबी-केंब्रिजच्या काही शाळा देतात, आधी शाळेला विचारा. सिंगापूरमध्ये मातृभाषेच्या विषयात मराठीचा पर्याय नाही, हिंदी, गुजराती वगैरे आहेत, त्यामुळे बरीच मराठी घरं हिंदी घेतात आणि काही चायनीजकडे वळायला बघतात. तिथल्या चायनीजचा वेग परदेशी भाषा म्हणून शिकवण्यापेक्षा पुष्कळ जास्त असतो, हे धरून चला.

एचएसके (चीनची अधिकृत चायनीज पातळी-परीक्षा) द्यावी का?

शाळेच्या मार्कांना उपयोग नाही, पण मुलाला स्वतःची पातळी कळते. जुन्या पद्धतीत तिसऱ्या लेव्हलला 600 शब्द, चौथ्याला 1200. 2021 मध्ये नऊ लेव्हलचा नवीन आराखडा आलाय, पुस्तक घेताना कुठल्या पद्धतीचं आहे ते बघून घ्या.

आम्हाला चायनीजचं ओ की ठो येत नाही, घरी मदत कशी करायची?

येत नाही हेच बरं, मध्ये मध्ये सुधारणार नाही. रोज पंधरा मिनिटं, रविवारी दोन तास नाही. पोराला सांगा, शाळेचा ऑडिओ लाव, एक वाक्य ऐक, थांबव, तसंच म्हण, फोनवर रेकॉर्ड कर आणि दोन्ही एकामागे एक लाव. टोन सपाट पडलाय की नाही हे चायनीज न येणाऱ्या आजीलासुद्धा ऐकू येतं. अक्षरांसाठी कार्डाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ आणि टोनसकट पिनयिन लिहून घ्या. अर्थ तुम्ही वाचा, अक्षर त्याने काढायचं, तुम्ही कार्डाशी ताडून बघायचं. चुकलेली कार्डं उद्याच्या गठ्ठ्यात, आलेली चार दिवसांनी परत. आणि सुट्टीत हे बंद ठेवू नका, जून ते ऑगस्ट पुस्तक उघडलं नाही तर सप्टेंबरचा पहिला महिना मागचं आठवण्यातच जातो, तेवढ्यात वर्ग पुढे गेलेला असतो.

आणि त्याला चायनीज आवडतच नसेल तर?

मग बदला विषय. लवकर बदला, दहावीच्या वर्षात नको.